भाग जात नाही

डॉकयार्ड रोडच्या आमच्या इमारतीत
जिन्याखालच्या फळीवर नारकरांचा मीटर.
पत्र्यावर ठोकलेला नंबर: ५८८२३५३.
वीस वर्षं मी त्याच्यासमोरून रात्रशाळेला गेलो,
कधी वाचला नाही.

मग दिगंबर आणि वसंत बोलेनासे झाले.
खोलीत प्लायवूड उभं राहिलं.
खिडकी याच्याकडे, मोरी त्याच्याकडे,
मीटर मात्र एकच.
बिल घेऊन दोघे वर आले,
एक दारात, एक चार पायऱ्या खाली:
मास्तर, तुम्हीच भाग करून द्या.

मी युनिट बघायचे सोडून नंबरच बघत बसलो.
ही असती तर म्हणाली असती, झालं, लागलं याचं.

अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीन बाद.
सातानं बाकी एक. सतरानं तेरा.
(सतरानं गुणलं तर मात्र दहा कोटी एक,
मधे सगळी शून्यं, पहाटेच्या धक्क्यासारखी मोकळी.)
चोवीसशे पंचवीसच्या पुढे जायची गरज नव्हती,
वर्गमूळ तिथेच संपतं.
तरी तीनशे साठ मूळ संख्या,
अकरा रात्री, पाठकोऱ्या उत्तरपत्रिका.
एकीनंही भाग गेला नाही.

भाग जात नाही, पण फूट पडते.
५८८ इकडे. २३५३ तिकडे.
ज्याला त्याला ज्याच्या त्याच्यानं गुणा,
आणि मग बेरीज करा.

तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस.
पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ.
बेरीज: तोच. जिन्याखालचा. अंकन् अंक.

एकटाच हसलो, मग दार लावून घेतलं.

चारानं भागून एक उरणारी मूळ संख्या
दोन वर्गांची बेरीज होते, हे मुलांना शिकवलं होतं.
तीही एकाच रीतीनं होते, दुसरी रीतच नाही.
पण ती रीत तिच्याच अंकांत
अशी उघडी पडलेली असेल,
हे कुठे ठाऊक होतं?

दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला,
मास्तर, माझे किती रुपये?
वसंतनं कागद हातात घेतला,
बराच वेळ धरला,
आणि घडी घालून परत दिला.

श्रावणात दुसरा मीटर आला.
त्याचा नंबर शून्यावर संपणारा,
दोनानं जातो, पाचानं जातो, कोणाचंही ऐकतो.
जुनाही बदलून नेला. फळीवर चार खिळ्यांची भोकं
आणि एक चौकोन, आजूबाजूपेक्षा कमी काळा.

परवा वसंत जिन्यात भेटला.
म्हणाला, ते पुन्हा करून दाखवा ना,
शेवटची बेरीज तेवढी.
खिशात पेन होतं, कागद नव्हता.
त्याच्या तळहातावरच मांडली, उजवीकडून सुरुवात:

चार आणि नऊ तेरा.
तीन खाली.
हातचा एक.