डबरा, दतिया, झाशी

जनकगंजात थंडी इतकी, की माऊससुद्धा
शालीत घेऊन बसावंसं वाटतं.
समोर मुलानं बंगळूरला जाताना मागे ठेवलेला संगणक,
आणि गजकच्या पुड्याच्या कागदावर तीन नावं,
शेजारच्या प्राची भदौरियानं लिहून दिलेली,
इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे ती.
"अंकल, तीनों फ्री हैं, जो जमे रख लो."

फुकट? मी विचारलं.
एकतीस वर्षं रेल्वे टपालात गेली माझी.
फुकटचं पाकीट म्हणजे बैरंग,
दुप्पट दंड, घेणाऱ्याच्या माथी.
ती हसली. "मुफ़्त नहीं, मुक्त."
म्हणजे आतली शिवण उघडी,
कुणीही उसवून बघावी, पुन्हा घालावी,
आवडली तर शेजाऱ्याला द्यावी.
शिवण मला कळते. पिशवीची.
सुतळी, लाख, शिक्का,
आणि चिठ्ठीवर सही कुणाची.

इतकी वर्षं माझं टपाल दुसऱ्याच्या ओसरीवर.
मीच जायचो, पासवर्ड सांगून,
माझीच पत्रं बघायला.
मुलाला एकदा गुडघ्याचं लिहिलं,
दुसऱ्या दिवशी कडेला गुडघेपट्ट्याची जाहिरात.
योगायोग असेल. कुमुद म्हणते, योगायोगच.
पण आमच्या डब्यात नियम एकच होता:
पत्ता वाचायचा, पत्र नाही.
पोस्टकार्डसुद्धा आम्ही मजकूर खाली करून धरायचो.
(रामसनेही कुशवाह मात्र वाचायचा,
पोरींनी माहेरी धाडलेली कार्डं,
आणि बबीना येईपर्यंत डोळे पुसायचा.
त्याची गोष्ट वेगळी.)

पहिल्याचं नाव उत्क्रांती.
आत कॅलेंडर, कामांची यादी, टाचणं,
उघडलं की लग्नघर.
मला एवढी माणसं नको होती.

दुसऱ्याच्या नावात पंजे.
कोरडा, चपळ, रंगबिंग बाजूला सारून
अक्षरं तेवढी पुढ्यात टाकणारा,
जुन्या हेडसॉर्टरसारखा.
आवडला. पण कुमुदच्या बहिणीचं, ज्योत्स्नाचं, नाव
पडद्यावर तीन तुकड्यांत पडलं,
पाय मोडलेला त एकीकडे, स एकीकडे.
प्राची म्हणाली, दोष त्याचा नाही, फॉन्टचा.
फॉन्ट घातला. ज्योत्स्ना सांधली.
तरी मन एकदा बिचकलं ते बिचकलंच.
अन्याय झाला त्याच्यावर, मान्य आहे.

तिसरा निळा पक्षी, पाकिटाला कवटाळून.
डावीकडे खण.
खणाखाली खण, हवे तितके,
आणि नावं आपण ठेवू ती.
तिथंच थांबलो.

रात्री साडेअकराला पत्रं उतरायला लागली,
चार हजार सातशे बारा,
एकेक करून, घरच्या डिस्कवर.
बँकेची सगळी डबऱ्याला टाकली.
वीजबिलं, विमा दतियाला.
मुलाची झाशीला,
कारण तिथं गाडी जास्त थांबायची, चहा व्हायचा.
लॉटरी लागल्याची, परदेशातल्या कुणा विधवेची,
ती मधल्याच एका फलाटावर,
जिथं आमची मेल कधी थांबली नाही.

ललितपूर रिकामं.
रामसनेहीनं ई-मेल कधी घेतलाच नाही,
आणि आता घ्यायचाही राहिला.
तरी खण ठेवला.
डाक नसली तरी खण ठेवायचा असतो,
नाहीतर चुकून आलेलं एखादं
कुठं टाकणार?

हात आपोआप चालतो अजून,
मान वर न करता, डोळ्याआधी बोटं.
खुर्ची हलत नाही, तेवढंच चुकतं.
भिंतीपलीकडून खोकला आला कुमुदचा,
मग, झोपेतच असावी, आवाज:
"कुठवर आलात?"

झोप तू, म्हटलं.
आत्ता कुठं डबरा गेलंय.