शेपूची एक काडी

सिग्लुफ्योर्दरला नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड जातो
तो थेट जानेवारीच्या अखेरीला तोंड दाखवतो.
आल्दिसच्या स्वयंपाकघरात मात्र
रोज पहाटे सहाला खट्ट करून उजाडतं,
जांभळट, दवाखान्यासारखं.
मोरीशेजारी पांढरी पेटी,
पेटीत पाणी, पाण्यात मुळं,
वर शेपू, बेसिल, पुदिना
आणि रुसून बसलेली पार्सली.
मातीचा कण नाही.
"माती नाही म्हणजे कीड नाही,"
पेटी पाठवताना मुलगा ओडेन्सहून म्हणाला होता.

किडीला कुणी विचारलं नव्हतं.

आधी बेसिलच्या शेंड्याला काहीतरी चिकट लागलं,
मग चष्मा लावल्यावर
ते काहीतरी चालू लागलं.
मावा.
हिरवा, आरपार दिसणारा,
पानाच्या पाठीत सोंड खुपसून सुस्त,
जणू वर्षाचं भाडं आगाऊ भरलंय.
आला कुठून? खिडक्या तर ऑक्टोबरपासून बंद.
दुकानातल्या लेट्यूसबरोबर आला असेल,
किंवा इंग्वारनं वाढदिवसाला दिलेल्या शेवंतीबरोबर.
इंग्वारला ती हे कधीच सांगणार नाही.

साबणाचं पाणी मारलं.
पुदिना टिकला, शेपू आडवा झाला,
मावा दुसऱ्या दिवशी
न्हाऊन बसल्यासारखा टवटवीत.
मग टाकीत शेवाळ धरलं, शेवाळावर चिलटं.
तिनं पिवळे चिकट कागद टांगले;
त्यांना लागली सात चिलटं
आणि तिच्या स्वेटरची बाही.
जहाल औषध? छे.
हे ती बटाट्यावर घालून खाणार होती.

उरली बोटं.
चौदाव्या वर्षी याच बोटांनी
तिनं धक्क्यावर हेरिंग खारवली होती.
पिंप भरलं की पत्र्याचं एक टोकन,
ते बुटात टाकायचं,
रात्री बूट जड लागला की दिवस चांगला.
आता अंगठा आणि तर्जनीत
चिरडल्याचा आवाजही होत नाही.
एकशे बारा. एकशे तेरा.
बूट रिकामाच.

शेवटी दक्षिणेतल्या टोमॅटोच्या काचघरातून
टपालानं डबी आली. पंचवीस ढालकिडे.
पोस्टातल्या पोरीनं डबी कानाला लावली.
"आत काय आहे?"
"मजूर," आल्दिस म्हणाली,
आणि कोटाच्या आत छातीशी धरून
त्यांना बर्फातून घरी आणलं.

लाल पाठ, काळे ठिपके, बाकी सगळी भूक.
नवव्या दिवशी मावा संपला.
मग मजूरही संपत गेले,
काही दिव्याला भाजले, काही टाकीत बुडाले,
एक साखरेच्या भांड्यात सापडला, पाय वर करून.
तिनं त्याला नळाखाली धुतलं.
का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आता उरलाय एक.
काडीवर चढतो, शेंडा संपतो,
वळतो, उतरतो,
शेजारच्या काडीवर पुन्हा तेच.
दिवसभर.
सोळा तासांच्या त्या जांभळ्या दिवसभर.

काल रात्री आल्दिस चष्मा लावून
पान न् पान उलटत होती.
पार्सलीच्या बुडाशी सापडली
माव्याची तीन पिल्लं.
तिनं त्यांना रंगाच्या ब्रशनं उचललं, अलगद,
शेपूच्या एका काडीवर ठेवलं,
काडी जॅमच्या बाटलीत, खिडकीशी.
चार दिवसांत तिनाची सतरा.
नवरा लागत नाही त्यांना,
आल्दिसनं हे पुस्तकात वाचलं
आणि मोठ्यानं हसली, एकटीच.

सूर्य आला त्या दिवशी
गावभर पॅनकेकचा वास.
इंग्वार आला, टोपीवर बर्फ घेऊन.
ऊन ओट्यावर जेमतेम हातभर पसरलं,
त्यात दोन पेले, उकडलेले बटाटे, मुरवलेली हेरिंग.
त्यानं खिडकीतल्या बाटलीकडे हात नेला.
"ती काडी नको, पेटीतली घे."
"का?"
"ती त्याची आहे."
"कुणाची?"
आल्दिसनं बटाटा कापला.
इंग्वारनं खिसे चाचपून
चष्मा शोधायला घेतला.