नमुना क्रमांक चार

कागदावर याला नाव नाही. नमुना क्रमांक चार.
वाडीत म्हणतात आंबेकोंडीचा व्हाळ.

बाटली केव्हाच भरून गेली कुडाळला.
पाणी नितळ, वास नाही,
आकडे नेहमीसारखे सभ्य येतील.
बाटली म्हणजे बुधवारची सकाळ, पावणेनऊ.
तेवढीच.

मी पायानं गोटे ढवळते,
जाळी प्रवाहाला आडवी धरते,
सुटून येईल ते ओतते पांढऱ्या थाळीत
आणि थांबते.
काडी हलली, तर ती काडी नाही.

बांधाच्या वर थाळी नुसती चुळबुळत होती:
तीन शेपट्यांची चपटी पोरं, दगडाला गाल लावून जगणारी,
लाळेच्या धाग्यानं वाळू शिवून
घरच अंगात घातलेली एक अळी,
चतुराचं पिल्लू, रागीट, जबडा मुडपून.
दहा गुण. दहा. आठ.
तक्त्यात सगळी लॅटिन.
मराठीत यांना नावं नसावीत, असं मी धरून चालले होते.

जयवंती परब धुणं टाकून वाकली.
"ह्येका आमी चिकटो म्हणतंव. गरयेक लावक बरो."
मी समासात लिहिलं: चिकटो.

खाली, काजूच्या कारखान्यामागच्या मोरीनंतर,
थाळीत आधी काहीच नाही.
मग एक लाल धागा वळवळला.
मग सहा. मग मी मोजणं सोडलं.
श्वास कोंडलेल्या चिखलातही जे तगतात ते,
रक्ताच्या रंगाचे,
हजार असले तरी सगळ्यांचे मिळून दोन गुण.
दगडाखाली एक कुर्लीसुद्धा नाही.
दगड तेच, जांभ्याचे.
पाणीही, बघायला गेलं तर, तितकंच नितळ.

"शनवारी रातीक सोडतत,"
जयवंती व्हाळाला म्हणाली, मला नाही.
आणि बऱ्याच वेळानं, पिळा झटकत,
"माझो झील थयच कामाक आसा."

याला रकाना नाही.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"कितके मार्क गावले?"
वर एकशे चार. खाली अकरा.
"नापास मगे."
कोण, ते तिनं विचारलं नाही.

वरच्यांना मी परत बांधावर नेलं, थाळी पाण्यात कलती केली.
सगळे गेले. एक चिकटो तेवढा
थाळीच्या पांढऱ्या रंगाला धरून बसला होता,
बोटानं सुटेना.
तशीच उभी राहिले, गुडघाभर,
त्याला वाटेल तोवर.