बिन

खानापूरच्या कचेरीत, तिसऱ्या खिडकीशी,
कारकून मान वर न करता विचारतो,
"तंदे हेसरू?"
बस्त्यांव, मी सांगते. बस्त्यांव इनास सोज.
तो आधी माझं नाव टाइप करतो, सेरफीन,
जरा थांबतो,
मग बिन, मग बस्त्यांव.

उताऱ्यात बिन म्हणजे अमक्याचा मुलगा.
बायकांसाठी कोम असतं, अमक्याची बायको.
लग्न न केलेल्या लेकीसाठी
सरकारला अजून अक्षर सुचलेलं नाही.
"चालतंय की हो," कारकून म्हणतो, "मुलगाच समजायचं."

घरी मराठीत बिन म्हणजे वेगळंच.
बिनमिठाचं. बिनकामाचं.
बिनबापाचं.
ही शेवटची शिवी मला पाठ आहे.
लोंढ्याच्या फलाटावर, कुणाच्या तरी पोत्याशेजारी
मी सापडले तेव्हा दोन दात होते मला.

बस्त्यांव कौलांच्या कारखान्यात साच्यावर होता.
चिखल दाबायचा, कड कापायची, फळीवर उतरवायचं,
प्रत्येकाच्या पाठीवर कंपनीचा शिक्का.
रविवारी मिस्सात श्रद्धेची कबुली म्हणताना
एका ओळीला तो हमखास अडखळायचा:
जन्मलेला, घडवलेला नव्हे.
"कौल मी घडवतो," परतताना सायकल ढकलत म्हणायचा,
"त्यात माझा घाम असतो, रक्त नसतं.
पाऊस आला म्हणून ते मला हाक मारत नाही.
लेकाचं तसं नाही. दिव्यावरून दिवा लावला
तर दुसरा काय कमी दिवा असतो?"

मग मी काय?
जन्मलेली नव्हे, घडवलेलीही नव्हे.
तो हँडल या हातातून त्या हातात घ्यायचा.
"तू आणलेली.
आणि खरा लेक तरी कुठं एकटा राहिला?
सगळं त्याचंच होतं,
तरी बापाला मारायची हाक त्यानं वाटून टाकली.
म्हणून तर आपण आमच्या बापा म्हणतोय.
माझ्या म्हणायचा हक्क
त्याचा एकट्याचा होता की गं."

पवित्र शुक्रवारी मात्र तो काही बोलत नसे.
मला वाटायचं, त्या दुपारी तीन वाजता
बिनचे दोन्ही अर्थ एकाच लाकडाला ठोकले.
देवाचा लेक, आणि देवावाचून.
मला का सोडलंस, असं
परक्याला कुणी विचारत नाही.

कारखाना आधी गेला, मग तो, खोकून खोकून.
चुलत्याची पोरं म्हणाली, रक्त कुठाय हिचं?
पाद्रीनं बाप्तिस्म्याची वही काढली:
समास वाळवीनं खाल्लेला, नाव शाबूत.

"ओदी नोडी," कारकून कागद सरकवतो.
वाचते. तीन गुंठे, कौलारू घर,
सेरफीन बिन बस्त्यांव.
बिनवर बोट ठेवते. काढत नाही.
मागचा माणूस खाकरतो.

नंदगडची बस सव्वाचारला.
न्हाणीवरचं एक कौल सरकलंय,
आज अंधाराआधी बसवायला हवं.
शिडीची एक पायरी ढिली आहे.
चढेन मी,
आणि वर पोचल्यावर सवयीनं ओरडेन,
आप्पा, धरलीस ना?