डावीकडचा आवाज

"चित्र दिसता, आवाज येना,"
एवढंच सांगून प्रभावतीबाईंनी फोन ठेवला.
मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं
आणि माशेलच्या बाजारातून स्कूटर देऊळवाड्याकडे घातली,
खिशात टेस्टर, डिकीत वायरींचं गुंतवळ.

डिस्क प्लेयर नवा, मुलानं बहरीनहून पाठवलेला,
पाटाएवढा चपटा, मागे मोजून दोन भोकं.
खालच्या फळीवर रिसीव्हर.
कायतान शेवटच्या बोटीवरून उतरला तेव्हा आणलेला,
मग लाडू च्यारीला विकलेला: अर्धे पैसे रोख,
अर्ध्यांचं सागवानी कपाट.
उचलताना माझी कंबर बोलली.
पाठीवर त्याच्या भोकंच भोकं, लाल, पांढरी, पिवळी,
आणि आजच्या चपट्या वायरीला शिरायला जागा नाही.

चपटी वायर सरळ टीव्हीला दिली. चित्रानं तिकडून जावं.
आवाजासाठी ते एक नारिंगी भोक,
दोघांच्या पाठीवर सारखं असलेलं एकुलतं.
त्याची वेगळी वायर पणजीला मिळते, महाग.
डिकीत व्हीसीआरच्या जमान्यातली पिवळी होती, चित्राची.
तीच चालते.
दुकानदार हे सांगत नाहीत. मीही दुकानदारच.

जोडली.
काही नाही.
रिसीव्हरचा निळा दिवा लुकलुकत राहिला,
कमी ऐकू येणाऱ्यानं पुन्हा पुन्हा "आं?" करावं तसा.

"मग हा टाकायचा?"
बाईंचा हात कपाटावर होता, रिसीव्हरवर नव्हता.
मी म्हटलं, नको. दोष ऐकणाऱ्याचा नाही.
नवा गाठोडं बांधून देतोय,
आणि याला ती गाठ सोडवता येत नाही, याच्या वेळी ती नव्हतीच.
नव्यालाच सांगू, सुटं करून दे.
सेटिंग. ऑडिओ. डिजिटल आउटपुट. पीसीएम.

आत कुठेतरी खट्ट झालं.
मग घर भरून पेटी, तबला, खुर्च्या सरकल्याचे आवाज,
कुणाचं तरी पोर रडतंय, चण्यांच्या पुड्या उलगडताहेत.
जत्रेच्या रात्रीचं नाटक, वीस वर्षांपूर्वीचं.

राजा आला, मिशी एका बाजूनं सुटलेली.
उजव्या पेटीतून तो म्हणाला, "प्रधानजी, नदी गावात शिरली!"
पण त्याच्या आधी, अर्ध्या श्वासानं आधी,
डाव्या पेटीतून कुणीतरी हलकेच:
प्रधानजी, नदी गावात शिरली.

मला वाटलं, वायर घोळ करतेय. वाकलो.
"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

माइक डाव्या विंगेच्या बांबूला बांधला होता म्हणे,
आणि त्या बांबूखाली स्टुलावर, बॅटरीच्या उजेडात वही धरून,
दरवर्षी लाडू च्यारी.
दिवसा रंधा, रात्री प्रॉम्प्टिंग.
ज्याचा आवाज पहिल्या रांगेलाही जायला नको, असं काम.
टीव्हीच्या बारक्या तोंडातून तो कधी आला नव्हता.

बाईंनी खुर्ची उचलून डाव्या पेटीपाशी ठेवली.
"राजाला थोडा गप्प करता येईल?"

जुन्या यंत्राला बॅलन्सचं बटण असतं, हातानं फिरवायचं.
मी फिरवलं.
राजा गेला, पेटी-तबला दूर गेला,
उरली वहीतली वाक्यं, सगळ्यांची, एकाच गळ्यात:
प्रधान, राणी, दूत, पुन्हा राणी.

तिसऱ्या अंकात राणी अडली.
डावीकडून वाक्य आलं. राणी गप्प.
पुन्हा आलं, जरा जोरात. राणी गप्पच.
तिसऱ्यांदा येण्याआधी
खुर्चीतून, पदराला हात पुसत, बाईंनीच ते म्हणून टाकलं,
नीट, जागच्या जागी थांबत.

मी पावतीपुस्तक काढलं.
कामाच्या रकान्यात काय लिहावं, सुचेना.
लिहिलं: पिवळी वायर, एक. जुनीच.