तीन ते पाच

वडगावच्या आमच्या गल्लीत
पोरं बोलायला शिकतात ती ओरडूनच.
या भिंतीला चार माग, पलीकडच्या भिंतीला सहा,
मधल्या खोलीत झोळी, झोळीत बाळ,
त्याची अंगाईसुद्धा वरच्या पट्टीत.
शब्दाचं शेपूट कुणालाच ऐकू येत नाही.
ताट की ताक,
ओठांवरून ओळखायचं.

अंगणवाडीच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं:
दानेश्वरीला शब्दाचा शेवट कळत नाही.
मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता आलं.
खाली काय लिहायचं ते सुचेना.

मग उन्हाळ्यात लाईट जायला लागली,
रोज, तीन ते पाच.
माग थांबले की आधी कान दुखतात.
मग लांबून कोंबडा,
कुणाच्या तरी घरात पडलेला चमचा.
कांड्या भरता भरता नीलव्वा म्हणाली,
"आत्ता बोलून बघ की पोरीशी."
मी हळूच म्हणाले, "ताक."
दानू थांबली. माझ्या तोंडाकडं न बघता
म्हणाली, "क."

मुल्लांच्या ओट्यावर सावली जास्त, म्हणून तिथं बसलो.
आधी चार पोरं, आठवड्यात अकरा.
जकार्डचे जुने पुठ्ठे होते, बाद झालेल्या नक्षीचे,
भोकाभोकांचे.
त्यांच्या पाठीवर मराठी अक्षरं मी काढली,
कन्नड नीलव्वानं,
रेश्माबीनं आपल्या मलिकजानसाठी उर्दूची पाच-सहा.
कन्नड ठ चं वाटोळं पोट
नेमकं एका भोकावर आलं.
दानूनं पुठ्ठा डोळ्याला लावला, पलीकडं बघितलं.
"ह्यो ठ बघुलालाय," म्हणाली.
मराठीतला झोपलेला.

गोष्टीची पुस्तकं तीनच.
एकाचं शेवटचं पान नव्हतं,
त्यामुळं त्यातलं अस्वल
रोज वेगळ्याच्या घरी जेवायला जायचं.
सिद्रायमामा रात्रपाळी करून तिथंच आडवा,
डोळे मिटलेले,
पण अस्वल काल मुल्लांकडं जेवलं होतं
हे तोच सांगायचा.

दसऱ्याच्या तोंडावर लाईट सुरळीत झाली.
पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले.
तीनला माग चालू. चारला चालू.
ओट्यावर पोरं पुठ्ठे मांडीवर घेऊन
एकमेकांची तोंडं बघत बसलेली,
पुन्हा ओठांवर आलेली.

बैठक कुणी घेतली नाही.
अर्धा तास माग थांबला की किती जातं
ते इथं सगळ्यांना पाठ आहे,
मी मांडत बसत नाही.
तिसऱ्या दिवशी सव्वातीनला
सिद्रायमामानं मूठ ओढली.
त्याचे दोन थांबले. मग पलीकडचे. मग मुल्लांचे.
शेवटी आमचे राहिले.
ह्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
धोटा हातात घेऊन
उलटसुलट करत उभे राहिले,
जणू त्यालाच काहीतरी झालंय.

अर्धाच तास. पाचपर्यंत कुणाला परवडतंय?
शनिवारी माल द्यायचा असला की तोही नाही.
एकदा शेठचा माणूस आला, ऐन गोष्टीत.
"काय, लाईट गेलीय?"
मलिकजाननं मोठ्यानं "हो" म्हटलं,
स्पष्ट, शेवटापर्यंत.
डोक्यावर पंखा फिरत होता.

बाईंच्या वहीत मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.
काल उघडली तर दानूनं
त्या ओळीच्या खाली एक ठ काढलाय.
कुठल्या भाषेतला ते विचारायची गरज नव्हती.
पेन्सिल इतकी दाबलीय
की पोटातून मागचं पान दिसतंय.