तोटी मोडलेली किटली

पहिल्यांदा ती आली गोगलगायीच्या टपालखात्यात,
भाग चौथा, खिडकीच्या कठड्यावर.
इडवलनं चिठ्ठीवर लिहिलं होतं:
किटली. हिरवी. तोटी मोडकी.
का, ते लिहिलं नव्हतं.
कार्डिफच्या गोदीतलं ते गोदाम, भिंतींना अजून मासळीचा वास,
आठवड्याला दहा मिनिटांची गोष्ट
आणि मिनिटाला सातशे वीस चित्रं.
का म्हणून विचारायला बोटं मोकळी कुणाची?
मी हिरवा कालवला.

मग चंद्रावरच्या खाणीतले तीन भाऊ.
काचेची टोपरी घालून अस्सल वेल्शमध्ये भांडणारे.
यानातल्या नळ्यांच्या गुंत्यात पुन्हा किटली.
ग्विलिम म्हणाला, "इथं हिची वाफ जाईल कुठं?"
"वर," इडवल म्हणाला,
आणि सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

तिसऱ्या मालिकेत साळिंदर वकील झालं.
किटली पुरावा म्हणून टेबलावर, चिठ्ठी क्रमांक सात.
तोवर तिच्या सोबतीला बरंच काही आलं होतं:
कायम तीन वीस दाखवणारं घड्याळ,
प्रत्येकाची चुकणारी सत्तेचाळीस नंबरची बस,
आणि गर्दीत लाल स्कार्फची एक बाई, पाठमोरी.
तिचा चेहरा मी कधीच काढला नाही.
कुणी सांगितलाच नाही.

गाडीचं चाक मात्र तेच होतं, ते पैशापायी.
गोगलगायीच्या हातगाडीचं चाक चंद्रावर गेलं,
तिथून न्यायाधीशाच्या सायकलीला लागलं.
आठ चित्रं. फिरव, फिरव, फिरव.
पुढं शहाण्या लोकांनी त्याचाही अर्थ लावला,
काळाचं चक्र वगैरे.
लावू दे.
लहान भाषेत मालिका काढणाऱ्याच्या घरी
दोरा फेकत नाहीत, एवढंच.

लानेथ्लीहून एका पोराचं पत्र आलं:
ती बाई कुणाला शोधते?
इडवलनं उत्तर स्वतः लिहिलं, दार लावून.
पाकीट पेटीत टाकायला मला दिलं.
मी ते दिव्यासमोर धरून पाहिलं, खोटं कशाला बोलू.
कागद जाड होता.

तो गेला तेव्हा पेनार्थच्या चॅपेलात
चारी आवाजांत गाणी झाली, छप्पर उचललं जाईल अशी.
नंतर घरी मॉर्विथनं सगळ्यांना कॉफी दिली.
मी किटलीचं विचारलं.
"आमच्यात चहा कुणी पीतच नाही," ती म्हणाली.
बहीण म्हणाली, "आईची होती एक. पण निळी.
आणि धड."
पुढं कुणी काही बोललं नाही. बिस्किटं मऊ पडली होती.

गोदामात आता जिम आहे.
मला एकाहत्तरावं लागलं, उजव्या अंगठ्यात संधिवात.
काल नात, ल्यायकी, संगणकावर जुनं काहीबाही लावून बसली.
ब्रिस्टलला पोटासाठी केलेलं काम,
दात किडलेल्या चाच्यांची मालिका,
इडवलला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.
तिनं चित्र थांबवलं. बोट ठेवलं.
पिंपांच्या मागं, नखाएवढी,
हिरवी.
"आजी, ही तू?"

सावली डावीकडून ओढलेली, म्हणजे हात माझाच.
पण चिठ्ठी कुणाची?
रंगवल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही.
त्या दिवशी काय जेवले ते आठवतं. गार वाटाणे.

"पुढं जाऊ दे," मी म्हटलं.
तिनं मागं नेलं.
चाचे उलटे चालले, पावसाचे थेंब ढगात शिरले,
आणि बंदराच्या कोपऱ्यावरून
सत्तेचाळीस नंबरची बस
पाठमोरी येऊन थांब्याला लागली.

बस मी काढलेली नाही.
चाकं बघ, मी ल्यायकीला म्हटलं,
बस ग्विलिमची आहे.